निजामशाही राजधानीचें चित्रदालन कोठें आहे ?

राजधानीचें शहर पाहावयास निघालेला रसिक प्रवासी तीन गोष्टी आधीं विचारतो : वस्तुसंग्रह कोठें आहे, चित्रशाळा कोठें आहे आणि गाणें कोठें ऐकावयास मिळेल. लंडन, पॅरिस अथवा दिल्ली येथें या तिन्ही प्रश्नांस उत्तर आहे. २०२४ पासून अहिल्यानगर हें नांव धारण करणाऱ्या अहमदनगरास हेच प्रश्न विचारले तर काय उत्तर मिळतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. हें शहरही एके काळीं राजधानीच होतें. अहमद निजामशाहानें १४९० त स्वतंत्र सत्ता स्थापिली, पुढें चार वर्षांच्या सुमारास हें शहर वसविलें, आणि १६०० त भुईकोट किल्ला मोंगलांच्या हातीं पडेपर्यंत एका शतकाहून अधिक काळ येथें दरबार नांदला.

या दरबाराच्या चित्रकलेचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे आफताबी कवीचें 'तारीफ-इ-हुसेनशाही' हें फार्सी काव्य. त्याची सचित्र पोथी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळांत आहे, ही मराठी संशोधकांस अभिमानाची गोष्ट होय. हुसेन निजामशाहा आणि त्याची राणी खुंजा हुमायून यांची स्तुति व १५६५ च्या तालिकोट-संग्रामाचें वर्णन हे या काव्याचे विषय. पोथींत आज बारा चित्रें उरलीं आहेत. त्यांतील भडक पिवळा व तांबडा रंग, सडपातळ स्त्रीदेह आणि स्त्रीच्या स्पर्शानें वृक्ष फुलण्याचा आपला प्राचीन दोहद-संकेत पाहिला म्हणजे, इराणी वळणाच्या बैठकींत दक्षिणेची देशी परंपरा किती सहज येऊन बसली होती, हें ध्यानांत येतें.

परंतु या पोथीचें खरें मोल तिच्या सौंदर्यांत जितकें आहे, तितकेंच तिच्या जखमांत आहे. राजाच्या शेजारीं बसलेली राणीची आकृति अनेक चित्रांत पुसून वा रंग फांसून नाहींशी केलेली आहे. हुसेनशाहाच्या मृत्यूनंतर अल्पवयी मूर्तजाच्या नांवानें तिनेंच राज्य चालविलें, आणि पुढें त्याच पुत्रानें तिला कैदेंत टाकिलें. तिच्या पाडावानंतर हा हात फिरला असावा, असें विद्वान मानितात. ज्या काव्यांत तिची स्तुति तशीच राहिली, त्याच्याच चित्रांतून ती गेली ! पुसणाऱ्यास अक्षराचें भय वाटलें नाहीं, रूपाचें वाटलें. संग्राहकांनीं यावरून एक धडा घ्यावा. जीर्ण पोथीवरील प्रत्येक डाग कसरीचा वा पाण्याचा नसतो. म्हणून डाग साफ करण्यापूर्वीं तो वाचावा.

आतां उरलेली चित्रशाळा पाहूं. मूर्तजा निजामशाहाचें १५७५ च्या सुमाराचें मानलें जाणारें चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. मलिक अंबराची तसबीर अमेरिकेंत बोस्टनच्या संग्रहालयांत आहे. त्याच मलिक अंबराचें भाल्यावर टोंचलेलें मस्तक जहांगीर बादशहा बाणानें वेधीत आहे, असें अबुल हसनचें चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयांत आहे. तें अप्रतिम आहे, पण इतिहास म्हणून निखालस खोटें आहे. मलिक अंबर जहांगीराच्या हातीं कधींच लागला नाहीं. १६२६ त तो आपल्या मरणानें मेला. बादशहास रणांगणावर जें साधलें नाहीं, तें चित्रकारानें कागदावर साधून दिलें. परक्या दरबारीं निघालेलें हें चित्र आमच्या पाठ्यपुस्तकांत वा भिंतीवर केवळ शोभेकरितां येईल, तर बादशहाची इच्छाच मुलांच्या मनावर इतिहास म्हणून ठसेल.

विजापूरच्या शेर्झा बुरुजावरील मलिक-इ-मैदान तोफेचीही हीच कथा. १५४९ त ती ओतली गेली अहमदनगरास. पुढें परांड्यास गेली, आणि १६३२ त तेथून विजापुरास. सिंहाच्या जबड्यांत हत्ती दाखविलेलें तिचें तोंड हा धातुशिल्पाचा उत्कृष्ट मासला आहे. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानें तिजवर आपला लेख कोरविला. प्रवासी तिला विजापूरची म्हणून पाहतो आणि विजापूरची म्हणूनच सांगतो.

राहिला प्रश्न गाण्याचा. फराहबाग हा १५८३ त पुरा झालेला, तळ्याच्या मध्यावरील अष्टकोनी महाल. तेथें मूर्तजा निजामशाहा दिल्लीच्या एका गवयाशीं बुद्धिबळें खेळे, त्यास त्यानें फत्तेशाह हें नांव दिलें, आणि त्याच्यासाठीं बागेंत लकड महाल बांधविला, अशी हकीकत सांगतात. या महालाचा घुमट पाहूनच शाहजहानास ताजमहाल सुचला, ही दुसरी गोष्ट तर नगरांत घरोघर ऐकूं येते. पहिली गोष्ट गायकाच्या सन्मानाची, दुसरी वास्तूच्या बडेजावाची. आणि लोकांस दुसरीच अधिक आवडते. समकालीन लेखाचा आधार दाखविल्यावांचून ताजमहालाची कथा फलकावर लिहूं नये. फराहबागेस मोठेपणासाठीं आग्र्याचा दाखला लागत नाहीं.

रागमालेच्या चित्रांविषयींही हाच विवेक पाहिजे. संस्कृत श्लोक वर लिहिलेला व सोळाव्या शतकाच्या अखेरीचा एक चित्रसमूह कांहीं विद्वान अहमदनगरास देतात. दुसरे 'उत्तर दख्खन' एवढेंच म्हणून थांबतात. नव्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील हिंदोल रागाचें चित्र यांपैकींच. चित्र उत्तम म्हणून तें आपलें म्हणणें हा न्याय नव्हे. 'तारीफ'च्या चित्रांशीं ताडून जेथवर साम्य दिसतें तेथवर जावें, व तेथें लेखणी थांबवावी.

मग खुद्द शहरांत काय उरलें ? जें हलवितां येत नाहीं तें : बागरोजा, दमडी मशिदीचें नक्षीकाम, फराहबाग आणि किल्ला. १९६० त स्थापन झालेलें ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय येथें आहे. १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालयही आहे. देशोदेशींचे रणगाडे ज्या शहरीं एकत्र पाहावयास मिळतात, त्या शहराच्या राजांचीं चित्रें मात्र देशोदेशीं विखुरलीं आहेत, हा विरोध विचार करावयास लावणारा आहे.

मूळ वस्तु परत मागाव्या, असें आमचें म्हणणें नाहीं. पुण्याची पोथी पुण्यासच सुरक्षित राहो. परंतु या सर्व चित्रांच्या बिनचूक रंगीत प्रतिकृति एका दालनांत क्रमानें लावणें आज अवघड नाहीं. प्रत्येकीखालीं मूळ कोठें आहे, तें कोणी व कोणासाठीं काढलें, आणि अहमदनगराशीं संबंध सिद्ध आहे कीं केवळ अनुमानाचा, या तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्या. राणीची पुसलेली जागाही जशीच्या तशी दाखवावी. ती कल्पनेनें भरून काढूं नये. आणि ज्या घरांत फार्सी वा मोडी दप्तरें अद्याप बासनांत आहेत, त्या घरांनीं निदान त्यांची यादी करूं द्यावी. राजधानीपण राजे गेले म्हणजे जातें. पण त्याचा पुरावा आपल्या हयगयीनें जातो.