चाकांवरचे घर आणि म्हातारपणाचा एक दिवस

निवृत्ती हा आम्हा परप्रांतस्थ सरकारी नोकरांच्या नित्य चर्चेचा विषय. तिशी-पस्तिशीतला लिपिकही चहाच्या वेळी निवृत्तीनंतर हाती येणाऱ्या रकमांचा हिशेब मांडताना दिसतो. परंतु त्या हिशेबात पैशांचे आकडे असतात, दिवसांचे नसतात. निरोपसमारंभाची शाल घडी घालून ठेवल्यावर आणि क्वार्टरची किल्ली परत केल्यावर दुसऱ्या सकाळी दोन माणसांनी करावयाचे काय, हा प्रश्न कोणत्याच नियमपुस्तिकेत नाही. साहित्यात तरी त्याला स्थान आहे काय, या कुतूहलाने मायकेल झडूरियन या अमेरिकन लेखकाची २००९ साली प्रसिद्ध झालेली ‘द लीझर सीकर’ ही कादंबरी मी वाचली. तिने मला आनंद दिला आणि एक तक्रारही दिली.

जॉन आणि एला हे डेट्रॉइटकडचे वृद्ध जोडपे. त्याची स्मृती विझत चाललेली. तिच्या देहात कर्करोग पसरलेला. डॉक्टरांचा आणि मुलांचा विरोध डावलून ती दोघे आपले जुने मोटारघर बाहेर काढतात आणि ‘रूट ६६’ या मार्गाने कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडकडे निघतात. १९२६ साली आखलेला आणि १९८५ साली अधिकृत यादीतून वगळलेला हा रस्ता स्वतःच एक निवृत्त गृहस्थ आहे! त्याला गाडी हाकता येते, पण आपण कोठे चाललो आहोत हे आठवत नाही. तिला वाट ठाऊक आहे, पण गाडी हाकण्याचे त्राण नाही. दोघे मिळून एक प्रवासी होतो. दीर्घ सहजीवनाचे इतके अचूक आणि इतके निरलंकृत चित्र माझ्या वाचनात क्वचितच आले आहे.

निवेदन एलाच्या तोंडी आहे, हे लेखकाचे मोठे यश. ती तिखट आहे, थट्टेखोर आहे आणि स्वतःची कीव तिला सहन होत नाही. संध्याकाळी तळावर चादर टांगून ती दोघे जुन्या सहलींच्या पारदर्शिका पाहत बसतात, ते प्रसंग विशेष हृद्य आहेत. पडद्यावरची माणसे तरुण, पाहणारी म्हातारी, आणि मध्ये फक्त एका दिव्याचा झोत.

याच कादंबरीवर पाओलो विर्झी यांनी २०१७ साली चित्रपट काढला. हेलन मिरेन आणि डोनाल्ड सदरलँड यांचा अभिनय उत्तमच आहे. परंतु तेथे जॉन साहित्याचा निवृत्त शिक्षक होतो आणि प्रवास हेमिंग्वेच्या की वेस्ट येथील घराकडे वळतो. हा बदल मला खटकला. मूळ कादंबरीतली म्हातारी माणसे मुलांच्या करमणुकीच्या जागी निघाली होती; त्यात निखळ, निरुपयोगी आनंद होता. चित्रपटाने त्या आनंदाला प्रतिष्ठित कारण चिकटवले. म्हाताऱ्यांनी मौज करावयाची तर तिला तीर्थयात्रेचे रूप द्यावे लागते, ही समजूत केवळ आपलीच नाही, असे दिसते.

माझी खरी तक्रार मात्र शेवटाविषयी आहे. कादंबरीत आणि चित्रपटातही एला त्या मोटारघरातच दोघांचे जीवन संपवते. कथानकाच्या दृष्टीने हा शेवट अपरिहार्य असेलही. पण त्यामुळे आधीचा प्रत्येक सुंदर दिवस निरोपाचा दिवस ठरतो. मृत्यूची सही असल्याशिवाय वृद्धांच्या सुखाचा अर्ज साहित्याच्या कचेरीत मंजूर होत नाही काय?

वास्तव निराळे आहे. अमेरिकेत कित्येक निवृत्त जोडपी मोटारघरातून हिंडतात. उदाहरणार्थ ब्लू रिज पार्कवे घ्या. डोंगरमाथ्यावरून ४६९ मैल जाणारा, १९३५ साली आरंभलेला आणि १९८७ साली पुरा झालेला हा रस्ता. मालमोटारींना बंदी, वेग फार तर ताशी ४५ मैल, जाहिरातींचे फलक नाहीत. वाटेत २६ बोगदे. तेव्हा आपल्या घराची उंची किती, हे चालकाला पाठ असावे लागते. व्हर्जिनियात मेब्री मिल ही जुनी पाणचक्की पाहावी आणि शुक्रवार असेल तर संध्याकाळी जवळच्या फ्लॉइड गावी जावे. तेथील जुन्या दुकानात फिडल आणि बँजो वाजू लागतात. पहिला तास भक्तिगीतांचा, मग नाच. लाकडी जमिनीवर बुटांचे तळवे वाजवीत म्हातारे आणि पोरे एकत्र नाचतात. रात्री आपल्याच घरी निजावयाचे, आणि घर बाहेरच उभे! या दिवसात कोणी मरत नाही. म्हणूनच बहुधा त्याची कादंबरी होत नाही.

आपल्याकडे पाहावे तर शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) असो की जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’, वृद्ध दांपत्य मुलांची वाट पाहते किंवा मुलांच्या दारात अपमानित होते. ‘संध्याछाया’तील दोघेही अखेर एलाचाच मार्ग पत्करतात. दोन खंडांतील दोन भिन्न समाज एकाच दारात येऊन थांबावेत, हे विचार करण्याजोगे आहे. फरक इतकाच, की झडूरियनची माणसे आधी घराबाहेर पडतात. कोणी म्हणेल, साहित्याला संघर्ष हवा. नाचून आलेल्या म्हाताऱ्यांत संघर्ष कसला? मी म्हणेन, दुखरा गुडघा घेऊन पत्नीचा हात धरून चारचौघांत नाचावयास उभे राहणे, यात नाट्य नाही काय? कवीला ते दिसले पाहिजे, इतकेच.

आमच्या शेजारी एक वृद्ध मराठी गृहस्थ राहत असत. पत्नीने “आता तरी पहाड दाखवा” म्हटले, की “आधी पुण्याच्या घराचे काम आटोपू दे” म्हणत. काम आटोपले, परंतु पहाड पाहण्यास त्या माउली उरल्या नाहीत. एलाने ही चूक केली नाही, म्हणून शेवट न पटूनही ही कादंबरी वाचावी असे मी आग्रहाने सांगेन. आणि कोणी मराठी लेखक एका म्हाताऱ्या जोडप्याचा एकच सुखाचा दिवस, पहाटेपासून निजेपर्यंत, कोणालाही न मारता लिहील, तर त्या पुस्तकाची वाट पाहणाऱ्यांत एक लिपिकही आहे, एवढे नोंदवून ठेवतो.