गाठीत विषाणू सापडला. पण आला कुठून?

हाडाच्या कर्करोगात विषाणूची खूण मिळाली, आता रोगाची वाटचाल आधीच सांगता येईल, अशा आशेची वृत्ते अधूनमधून वाचनात येतात. ती वाचताना आम्हांला एसव्ही-४० या विषाणूची हकिकत आठवते.

पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर तयार करीत. १९६० साली स्वीट आणि हिलमन यांना त्या पेशींत हा विषाणू आढळला. १९५५ ते १९६३ या काळात लशीच्या काही साठ्यांतून तो अमेरिकेत १ ते ३ कोटी लोकांच्या शरीरात गेला असावा, असा अंदाज आहे. हॅमस्टरला तो टोचला असता गाठी होतात, हाडांच्यासुद्धा. त्यामुळे माणसाच्या हाडांच्या गाठींत एसव्ही-४०सारखे डीएनएचे तुकडे सापडल्याचे कार्बोने व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जाहीर केले, तेव्हा खळबळ उडणे साहजिक होते. शंका रास्तच होती. आमचा आक्षेप आहे तो पुराव्याच्या पद्धतीवर.

पीसीआर या तंत्राने डीएनएच्या एखाद्या तुकड्याच्याही कोट्यवधी प्रती निघतात. तो तुकडा रुग्णाच्या गाठीतला की प्रयोगशाळेतल्या टेबलावरचा, हे तंत्राला कळत नाही! जनुकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या अनेक प्लाझ्मिडांत एसव्ही-४०चेच तुकडे जोडलेले असतात. २००४ मध्ये लोपेझ-रिओस व सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाबाबत हेच दाखवून दिले. प्लाझ्मिडात नसलेला विषाणूचा भाग शोधायला घेतल्यावर आधीचे बहुतेक ‘होकार’ नाहीसे झाले. आपण वर्गात पिष्टाची आयोडीन-चाचणी करताना शेजारी नुसत्या पाण्याची परीक्षानळी ठेवतो ना? तशी नळी इथेही हवीच. पण दूषितीकरण अधूनमधूनच होत असेल, तर ती एकटी पुरत नाही.

लोकसंख्येचा पुरावाही दाव्याच्या बाजूने आला नाही. दूषित लस मिळण्याचा संभव असलेल्या वर्षांत जन्मलेल्यांत हाडाचा कर्करोग वाढलेला नाही, असे स्ट्रिकलर व सहकाऱ्यांना १९९८ मध्ये दिसले. २००२ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने मात्र, कर्करोगाशी कार्यकारणसंबंध मान्य वा अमान्य करण्यास पुरावा अपुरा आहे, असे म्हटले. (असे उत्तर आपल्या परीक्षेत लिहिले तर गुण किती मिळतील?)

शिवाय गाठीत विषाणू असणे, त्याने गाठ होणे आणि त्यावरून पुढचे भाकीत करता येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरीसाठी रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा लागतो. नाक-घशाच्या कर्करोगात रक्तातील एपस्टीन-बार विषाणूच्या डीएनएचे प्रमाण या कसोटीला उतरले आहे. हाडाच्या ऑस्टिओसार्कोमात अजून तसा विषाणू नाही. तिथे डॉक्टर पाहतात ते रोग निदानाच्या वेळीच फुप्फुसात पोचला आहे का, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या औषधांनी गाठीचा ९० टक्के किंवा अधिक भाग मेला आहे का.