कोळशातील कार्बनची मोजदाद : चुंबकीय अनुनादाची एक उणीव

घनरूप कार्बनी पदार्थांच्या अभ्यासात केंद्रकीय चुंबकीय अनुनादाचे महत्त्व वादातीत आहे. कोळसा कोणत्याही द्रावकात पुरता विरघळत नाही. तो आहे त्याच अवस्थेत तपासणारी पद्धत हवी होती, आणि ती १९७० च्या दशकात हाती आली. नमुना ५४.७ अंशांच्या कोनात वेगाने फिरवणे व हायड्रोजनचे ध्रुवीकरण कार्बन-१३ कडे वळवणे, या दोन युक्त्यांमुळे निसर्गात जेमतेम १.१ टक्का असणाऱ्या कार्बन-१३ चा संकेत घनपदार्थातही स्पष्ट दिसू लागला.

आक्षेप आहे तो या संकेतावरून काढलेल्या आकड्यांवर. एकूण कार्बनपैकी किती कार्बन बेंझीनसारख्या वलयांत आहे, हे प्रमाण कित्येक निबंधांत दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेले असते. पण येथे कार्बनचा संकेत हायड्रोजनकडून उसना घेतलेला असतो. ज्या कार्बनच्या आसपास हायड्रोजन नाही, त्याच्यापर्यंत ही उसनवारी उशिरा पोहोचते. तोवर हायड्रोजनचे मूळ भांडवलच आटू लागलेले असते. जोडवलयांच्या आतले कार्बन नेमके याच प्रकारचे. म्हणजे जे मोजायचे, तेच कमी भरते!

शिवाय कोळशात मुक्त मूलके असतात, हे इलेक्ट्रॉन अनुनादाने १९५४ मध्येच दाखवून दिले होते. हजारो कार्बनअणूंमागे एखादेच मूलक, पण त्याच्या सान्निध्यातील कार्बनचा संकेत इतका पसरतो की तो दिसेनासा होतो.

१९८९ साली ‘फ्युएल’ या नियतकालिकात स्नेप, ॲक्सेलसन, बोटो आदींनी या प्रश्नाची उघड चर्चा केली. उसनवारीच्या पद्धतीत पुष्कळदा निम्माच कार्बन नोंदला जातो. थेट एका स्पंदाने मोजल्यास बराच अधिक कार्बन हाती लागतो. मात्र प्रत्येक स्पंदानंतर दीर्घकाळ थांबावे लागते व यंत्राचा वेळ महाग असतो. सोयीची पद्धत टिकून राहिली, ती बहुधा यामुळेच.

फुलरीनची गोष्ट वेगळी. त्याच्या ६० कार्बनअणूंची १४३ पीपीएमजवळ एकच रेषा मिळाली, आणि सर्व अणू समतुल्य असल्याचे सिद्ध झाले. तेथे प्रश्न ‘किती प्रकारचे’ असा होता. कोळशाबाबत तो ‘किती’ असा आहे. म्हणून ज्ञात वजनाचे प्रमाण द्रव्य सोबत ठेवून, नमुन्यातील किती टक्के कार्बन प्रत्यक्ष दिसला, हा आकडा त्याच तक्त्यात छापला गेला पाहिजे.