इनामात मिळणारी नायिका

कथा, नाटक आणि चित्रपट यांतील स्त्रीचित्रणाची चिकित्सा आपल्या समीक्षेने पुष्कळ केली आहे. परंतु व्हिडिओ गेम या कलेत, जेथे रसिक नुसता प्रेक्षक न राहता स्वतः कर्ता होतो, तेथे स्त्रीच्या वाट्याला कोणती कृती येते आणि त्या कृतीचे फळ कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न तिच्या रूपवर्णनाहून अधिक मूलगामी ठरतो.

1981 साली निन्टेंडो या जपानी कंपनीने काढलेल्या ‘डाँकी काँग’मध्ये वानराने पळवून नेलेली तरुणी मदतीची याचना करीत माथ्यावर उभी असते, आणि 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये राजकन्या अखेरच्या किल्ल्यात बंदिवान असते. यंत्राची स्मृती तुटपुंजी, कथा सांगण्यास अवकाश अल्प, म्हणून सर्वपरिचित असा अपहृतेचा संकेत सोयीचा वाटला, ही सबब त्या काळापुरती ग्राह्य धरता येईल. परंतु यंत्राचे सामर्थ्य शतपट वाढल्यावरही ती वहिवाट चालूच राहिली, तेव्हा तिचे मूळ यंत्रात नसून योजकाच्या दृष्टीत होते, असेच म्हणावे लागते.

या दृष्टीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 1986 चा ‘मेट्रॉइड’. चिलखतात आपादमस्तक झाकलेला वीर सॅमस अरान ही वस्तुतः स्त्री आहे, हे शेवटी उघड होते, आणि खेळणाऱ्याच्या गृहीतकाला बसणारा हा धक्का कलादृष्ट्या निःसंशय उंच प्रतीचा आहे. मात्र खेळ जितक्या त्वरेने संपवावा तितकी तिची वस्त्रे उणी होत जावीत, आणि तासाभराच्या आत संपवणाऱ्यास ती बिकिनीत दिसावी, अशी तरतूद करून रचनाकारांनी तिच्याच पराक्रमाचे इनाम परक्या नजरेच्या स्वाधीन केले. पुढे 2005 साली ‘सुपर प्रिन्सेस पीच’मध्ये राजकन्या स्वतः मारिओला सोडवण्यास निघाली खरी, पण तिला दिलेली शस्त्रे कोणती? रडून रोपे वाढवावीत, रागाने आग लावावी! स्त्री म्हणजे भावनांचा उद्रेक, हा जुनाच समज येथे खेळाचा नियम होऊन बसला.

चित्रपटात ऊन, वारा, नटाची लहर असे कितीतरी अनाहूत येते. खेळात मात्र झाडाचे पान हलते तेही कोणीतरी हलवलेले असते, आणि म्हणून येथे निर्मात्याला जबाबदारी झटकण्यास जागाच उरत नाही. 2014 साली युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’त चौघांनी मिळून खेळण्याच्या भागात एकही स्त्रीपात्र का नाही, असे विचारता ॲनिमेशनचे काम दुप्पट होते, हा खुलासा पुढे आला, पण त्याच मालिकेने 2012 साली ‘लिबरेशन’मध्ये एव्हलिन ही नायिका उभी केली होती, तेव्हा अडचण श्रमांची नसून अग्रक्रमाची होती, हे उघड आहे. 2014 सालीच खेळांतील स्त्रीचित्रणावर परखड टीका करणाऱ्या अनिता सारकीशियन यांना हत्याकांडाच्या धमकीमुळे अमेरिकेतील युटा येथील व्याख्यान रद्द करावे लागले; आणि ‘लीग ऑफ लेजेंड्स’ची निर्माती रायट गेम्स हिने स्त्री-कर्मचाऱ्यांनी केलेल्या लिंगभेदाच्या दाव्यात 2021 साली 10 कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. दोष पडद्यापुरता नव्हता. टीकाकाराच्या व्यासपीठापासून निर्मात्याच्या कचेरीपर्यंत त्याचा अंमल होता.

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 साली सादर केलेल्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ची दखल घेणे अगत्याचे आहे. डोंबाऱ्याच्या खेळात वाढलेली राजी असुरांनी नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते. अपहरणाचा जुना संकेत येथे मोडलेला नाही, परंतु तिची चपळाई हेच तिचे बळ ठरते, आणि तिचे स्त्रीत्व कोणाच्या विजयाचे बक्षीस म्हणून मांडले जात नाही. संकेत तोच ठेवून त्यातील अधिकाराची वाटणी बदलता येते, इतके या छोट्या संस्थेने सिद्ध केले. मग ज्यांच्या पदरी शेकडो कारागीर आणि अमाप द्रव्य आहे, त्यांची कैफियत समीक्षेने यापुढे सहजासहजी मान्य करू नये.