पदच्युती आणि जबानी : ‘डिपोज’ या क्रियापदाविषयी

इंग्रजीतील ‘डिपोज’ या क्रियापदाचे दोन अर्थ प्रचलित आहेत : पदच्युत करणे आणि शपथेवर साक्ष देणे. अनुवादक प्रसंगानुसार त्यांतील एक स्वीकारतो व दुसरा बाजूला सारतो. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड दुसरा’ या नाटकापुरती तरी ही निवड अर्थहानी करणारी आहे, असे येथे मांडावयाचे आहे.

फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाच्या मुळाशी ‘खाली ठेवणे’ ही कल्पना आहे. पहिल्या अर्थी त्याला राजाहून वेगळा कर्ता लागतो. परंतु राजा ईश्वरनियुक्त मानला, तर असा कर्ता होण्याचा अधिकार कोणाचा? १३९९ च्या सप्टेंबरात रिचर्डकडून आधी राज्यत्याग वदवून घेण्यात आला. त्यानंतर सभेपुढे आरोपांची कलमे मांडून त्याला पदच्युतही करण्यात आले. ज्याने त्याग केला त्यालाच पुन्हा च्युत करण्याची गरज भासावी, यातच या सत्तांतराचा पेच व्यक्त होतो.

नाटकाच्या चौथ्या अंकात हा पेच अधिक तीव्र होतो. आरोपांचा कागद रिचर्डनेच वाचावा, असा नॉर्थम्बरलंडचा आग्रह आहे. पदच्युती न्याय्य ठरण्यासाठी पदच्युताचीच जबानी हवी आहे. रिचर्ड तो कागद वाचत नाही. तो आरसा मागवतो. मात्र मुकुट व राजदंड तो स्वहस्ते देतो, आणि या संमतीने आपणही द्रोह्यांतलेच एक ठरलो, हे ओळखतो. क्रियापदाचा कर्ता, कर्म आणि साक्षीदार येथे एकाच व्यक्तीत एकवटतात.

हा प्रवेश १५९७ व १५९८ च्या मुद्रित आवृत्त्यांत नाही. तो एलिझाबेथच्या मृत्यूनंतर, १६०८ मध्ये छापला गेला. १६०१ मध्ये एसेक्सच्या उठावाच्या आदल्या दिवशी त्याच्या समर्थकांनी रिचर्डच्या पदच्युतीचे नाटक करवून घेतले होते. ते शेक्सपिअरचेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याविषयी ऑगस्टीन फिलिप्स या नटाला पुढे शपथेवर जबानी द्यावी लागली. शब्दाचे दोन्ही अर्थ असे रंगमंचाबाहेरही एकमेकांना भिडले.

मराठीत ‘पदच्युत’मध्ये घसरण्याची, तर ‘पायउतार होणे’मध्ये स्वतः उतरण्याची छटा आहे, जबानीची सूचना दोहोंतही नाही. ‘उतरवणे’ हे साधे क्रियापद मात्र विचारात घेण्याजोगे आहे. राजाला गादीवरून उतरवतात, मुकुट उतरवतात आणि जबानीही उतरवून घेतात. इंग्रजीत जबानी देणारा कर्ता असतो, मराठीत ती घेणारा, हा भेद खरा; पण या प्रवेशात त्या भेदामुळे काही बिघडत नाही. नॉर्थम्बरलंडला मुकुटाबरोबर जबानीही उतरवून घ्यायची आहे. मुकुट मिळतो, जबानी मिळत नाही. आणि नव्या राजाच्या अधिकारातील उणीव तेथेच राहून जाते.