'उंबरठा': दोष कुणाचा आणि किंमत कुणाला?

जब्बार पटेलांचा 'उंबरठा' १९८२ साली आला, तेव्हापासून आपण सारेच सुलभा महाजनच्या बाजूचे. स्मिता पाटीलने ती अशी काही उभी केली की दुसरी बाजू घेण्याची सोयच राहिली नाही. माझी तक्रार अभिनयाबद्दल नाही, शेवटाबद्दल आहे.

सुलभा नोकरीसाठी घर सोडते, महिलाश्रम चालवते, राजीनामा देऊन परतते, तो नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली. ती पुन्हा घराबाहेर पडते आणि आपण मनातल्या मनात तिला निरोप देतो. पण सुभाष एकनिष्ठ राहिला असता आणि तरीही तिचा जीव त्या घरात रमला नसता, तर? मग आपण तिला इतक्या सहज जाऊ दिले असते का? मला शंका आहे. मूळ कादंबरी शांता निसळ यांची 'बेघर', पटकथा तेंडुलकरांची. नवऱ्याचा दोष दाखवून नायिकेला मोकळे करण्याची ही सोपी वाट तेंडुलकरांनी घ्यावी, याचे नवल वाटते.

कायदा तोवर पुढे गेला होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली कलम १३-ब आले: कुणावरही ठपका न ठेवता परस्परसंमतीने घटस्फोट. सुभाष तर वकील! पण दोष दाराबाहेर काढला तरी तो खिडकीतून आत येतोच. कायमची पोटगी ठरवताना न्यायालय दोघांचे उत्पन्न, मालमत्ता पाहते, तसेच दोघांचे वर्तनही पाहू शकते (कलम २५). शिवाय हुकूमनामा होईपर्यंत दिलेली संमती एकतर्फी मागे घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. म्हणजे ज्याला सुटण्याची घाई, त्याने जास्त मोजायचे. आणि भाव ठरवताना जुनी पत्रे, फोटो, साक्षीदार हळूच टेबलावर येतात. निकालपत्रात मात्र यातले अक्षरही नसते. २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने, संसार सावरण्यापलीकडे मोडला असेल तर दोष न शोधता तो संपवता येईल, असे म्हटले खरे. पण तो अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा, आपल्या पुण्याच्या कुटुंब न्यायालयाचा नव्हे.

आमच्या सोहार औद्योगिक वसाहतीत हा विषय निघाला की आवाज खाली येतात. नवरा इथे पाळीवर, बायको-मुले सांगली-साताऱ्याला, वर्षातून एक रजा. 'सोडून गेला' किंवा 'आली नाही' हे शब्द नातेवाईक फार लवकर वापरतात. कायदा तितका उतावळा नाही: पोटासाठी दूर राहणे म्हणजे परित्याग नव्हे, त्यामागे संसार मोडण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि तोही सलग दोन वर्षे. सुलभाही घरी सांगूनच गेली होती. तरी सासरचे तिच्याकडे ज्या नजरेने पाहतात ती आपल्याला परकी वाटत नाही, हे चित्रपटाचे मोठे बळ.

शेवटी ती गाडीत बसते आणि पडदा पडतो. पुढे मुलीचा ताबा, पोटगी, आणि वकील नवऱ्याने सहीसाठी पुढे केलेला संमतीचा कागद, हे सारे दाखवणारा मराठी चित्रपट मी अजून पाहिलेला नाही.