डोळसांची सहानुभूती आणि अंध तरुणी

दलित साहित्याने मराठी समीक्षेला एक प्रश्न विचारायला शिकवले : हे कोण लिहीत आहे आणि कोणाच्या वतीने? सहानुभूतीचे लेखन आणि स्वानुभवाचे लेखन एक नव्हे, हे आज बहुतेकांना मान्य आहे. हाच प्रश्न अंध तरुणीच्या चित्रणालाही विचारला पाहिजे, असे मला वाटते. तिच्याविषयी हळहळणारे पुष्कळ आहेत. तिच्या रोजच्या जगण्याविषयी बोलणारे थोडे.

आमच्या विद्यार्थ्यांवर कादंबरीपेक्षा हिंदी चित्रपटाचा पगडा मोठा आहे, म्हणून उदाहरणे तिथली घेतो. ‘झील के उस पार’ (१९७३) मधली नीलू आणि ‘फना’ (२००६) मधली झूनी यांच्यात तेहतीस वर्षांचे अंतर आहे, पण दोघींसाठी कथेने काढलेला तोडगा एकच : शस्त्रक्रिया. दृष्टी आली, प्रश्न मिटला. ‘काबिल’ (२०१७) मधली सुप्रिया नोकरी करते. तिच्यावर बलात्कार होतो, ती आत्महत्या करते आणि उरलेला चित्रपट नवऱ्याच्या सुडाचा होतो. म्हणजे अंध स्त्रीने एकतर बरे व्हावे, नाहीतर मरावे. अंध राहून भाजी निवडणारी, बस पकडणारी, पगार मोजून घेणारी बाई या कथांना सुचत नाही.

सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ (१९८०) या रांगेत बसत नाही. त्यातल्या अंध प्राचार्य अनिरुद्धला दया नको आहे आणि त्याचा हा हट्ट चित्रपटाचा कणा आहे. पण त्याचा स्वाभिमान कशावर उभा आहे? पद आहे, पगार आहे, पायाखालचा परिसर ओळखीचा आहे. शिवाय तो पुरुष आहे. हा आर्थिक पाया चित्रपट गृहीत धरतो. ज्यांच्या घरात तो कधीच नव्हता, त्या आमच्यासारख्यांना तो गृहीत धरता येत नाही.

माझ्या वर्गात एक अंध विद्यार्थिनी आहे. ती मोहरीच्या तडतडण्यावरून फोडणी ओळखते, लांबी-रुंदी चाचपून नोट ओळखते. थांब्यापासून महाविद्यालयापर्यंतची पावले तिला पाठ आहेत. पण पदपथावर मोटारसायकली लावल्या की हिशेब मोडतो आणि तिला कोणाचा तरी हात शोधावा लागतो. परीक्षेत लेखनिक वेळेवर आला नाही तर तिचा अभ्यास वाया जातो. तिचे परावलंबन अंधत्वातून कमी आणि आपल्या व्यवस्थेतून जास्त येते. अस्पृश्यता अस्पृश्याच्या अंगात नसते, ती पाणवठ्यावर पहारा करणाऱ्याच्या डोक्यात असते, हे आपण जाणतो. मग हेही समजायला अवघड जाऊ नये.

२०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींत ते २.४५ टक्के होते. अपंग पुरुषांत साक्षर सुमारे ६२ टक्के, स्त्रियांत सुमारे ४५. जात, लिंग आणि अपंगत्व यांचे ओझे एकाच मुलीच्या डोक्यावर कसे येते, ते या आकड्यांत दिसते.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकल्या. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून २०१६ मध्ये त्यांची निवड झाली, तेव्हा दृष्टी नसल्याचे कारण देऊन रेल्वे लेखा सेवेत त्यांना नाकारण्यात आले. पुढच्याच परीक्षेत त्या १२४ व्या आल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या. बातम्यांनी त्यांची जिद्द गायिली. जिद्द खरीच आहे. पण मुलींची अंधशाळा, ब्रेल, पडदा वाचून दाखवणारी संगणकप्रणाली, १९९५ आणि २०१६ च्या कायद्यांनी दिलेले आरक्षण यांचे काय? वस्तीतून पहिल्या आलेल्या आमच्या मुलाचीही अशीच बातमी होते. जिद्द छापतात, शिष्यवृत्ती गाळतात. हक्काच्या जागी कौतुक ठेवण्याची ही जुनी युक्ती आहे.

आता आपल्याकडे पाहू. दलित कवितेने सूर्य आणि प्रकाश यांना मुक्तीची प्रतीके केले, अंधाराला गुलामगिरीचे. त्यामागे इतिहास आहे. पण ‘आंधळा समाज’, ‘आंधळी परंपरा’ असे लिहिताना ज्ञानाचा अभाव आणि दृष्टीचा अभाव आपण एक करतो. आपल्या बापजाद्यांच्या जातीचे नाव शिवीसारखे वापरले गेले, त्याची चीड आपल्याला आहे. तीच चीड इथेही यायला हवी. ८ जुलै २०२४ रोजी ‘आँख मिचोली’ चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपंगांच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली. अपंगांना हिणवणारी भाषा टाळावी आणि त्यांच्याविषयीच्या निर्मितीत त्यांचा सहभाग असावा, हे त्यांत आहे.

‘आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय’ ही म्हण आपण हसत वापरतो. ती नीट ऐकावी. त्यात आंधळ्याच्या हाताला काम आहे, तो कष्ट करतो आहे. पिठावर मात्र त्याचा ताबा नाही. श्रम करणाऱ्याला त्याच्या श्रमाचे फळ मिळत नाही, हा तर आपल्याच चळवळीचा विषय आहे.

म्हणून अंध तरुणीवर आणखी एक करुण कथा नको. तिचे आत्मकथन तिनेच लिहावे. तोवर आपल्याला करता येण्यासारखे एक साधे काम आहे. आपली पुस्तके, नियतकालिके अजून जुन्या फॉण्टमध्ये जुळवली जातात किंवा पानांची छायाचित्रे काढून साठवली जातात. तिची संगणकप्रणाली ती वाचू शकत नाही. ज्या साहित्याने वाचण्याचा हक्क लढून मिळवला, ते तिला वाचता येत नसेल, तर ते दुरुस्त करण्याची जबाबदारी संपादकांची, मुद्रकांची आणि आम्हा शिक्षकांची आहे. युनिकोडमध्ये अक्षरे जुळवण्यापासून सुरुवात करावी.